घरून काम संपले, आता घराचे काय?

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय खासगी कंपन्यांचा आणि बोलायला उभे राहिलो आम्ही, राज्य सरकारचे उपयंत्री. बांधकाम घरून होत नाही, म्हणून घरून काम करण्याचे सुख आमच्या वाट्याला कधी आले नाही. पण हजेरी म्हणजे काय आणि काम म्हणजे काय, यातला फरक सरकारी नोकराइतका जवळून क्वचितच कोणी पाहिला असेल. शिवाय आज या सभागृहात असे घर सापडणे कठीण, ज्यातला मुलगा, मुलगी, सून किंवा जावई पुणे, बंगळूर, हैदराबादच्या कंपनीत नाही. म्हणून हा विषय कंपन्यांचा जेवढा आहे, तेवढाच आपला आहे.

आपण इंदूरला आलो तेच मुळी चाकरीसाठी. 18व्या शतकात होळकरांच्या सेवेत जी घराणी माळव्यात आली, त्यांनी चाकरी नेईल तिथे बिऱ्हाड केले. पण एक गोष्ट लक्षात घ्या. तेव्हा बिऱ्हाड अख्खे हलत असे. आई-वडील, बायकामुले, देव्हारा, पाटा-वरवंटा, सगळे गाडीत. आज नोकरी एकालाच बोलावते आणि बाकीचे घर मागे राहते. घरून काम ही पद्धतही आपल्याला अगदीच नवी नाही. गावच्या कुलकर्ण्याचे दफ्तर रुमालात बांधून त्याच्या घरीच असायचे आणि गावाचा हिशेब त्याच्या ओसरीवर व्हायचा. काम आणि घर वेगवेगळ्या छपरांखाली गेले ते नंतर.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि ही दोन छपरे पुन्हा एक झाली. पोरे लॅपटॉप घेऊन घरी आली. सुरुवातीला वाटले, महिना-दोन महिन्यांची गोष्ट आहे. झाली तीन वर्षे. 2020 साली टीसीएसने तर जाहीर केले होते की 2025 पर्यंत एका वेळी 25 टक्क्यांहून अधिक कर्मचारी ऑफिसात असण्याची गरज राहणार नाही. ते वाचून आपल्यापैकी कित्येकांनी वरचा मजला चढवला, एसी बसवला, इंटरनेटची जोडणी घेतली. रामबाग, लोकमान्यनगर, टिळकनगरातल्या ज्या घरांत दोन म्हातारी माणसे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायची, तिथे पुन्हा रात्री दहाला कुकरच्या शिट्ट्या ऐकू येऊ लागल्या. मंडळाच्या उत्सवात खुर्च्या मांडायला तरुण हात मिळाले.

मग वारे फिरले. 2023 साली अनंत चतुर्दशी 28 सप्टेंबरला होती. त्यानंतर तीनच दिवसांनी, 1 ऑक्टोबरपासून, त्याच टीसीएसमध्ये आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात येण्याचा नियम लागू झाला. पुढच्या वर्षी हजेरीची गाठ तिमाहीच्या बदलत्या पगाराशी बांधली गेली. हजेरी 60 टक्क्यांहून कमी, तर तो पगार शून्य. विप्रोने नोव्हेंबर 2023 पासून आठवड्यातले तीन दिवस ठरवले, इन्फोसिसने महिन्याचे दहा दिवस. अमेरिकेत अॅमेझॉनने सप्टेंबर 2024 मध्ये सांगितले की 2 जानेवारी 2025 पासून पाचही दिवस या. ज्या झूमवर जगाने टाळेबंदीत सभा घेतल्या, त्या झूमनेही 2023 मध्ये जवळ राहणाऱ्या आपल्या लोकांना आठवड्यातून दोन दिवस ऑफिसात बोलावले.

कंपन्यांची बाजू नाहीच, असे आम्ही म्हणणार नाही. 2021 मध्ये कॉलेजातून निघून थेट घरच्या टेबलावर रुजू झालेल्या मुलाने आपला वरिष्ठ काम कसे करतो ते कधी पाहिलेच नाही. आम्ही डिप्लोमा करून बाहेर पडलो तेव्हा अर्धी विद्या जुन्या उपयंत्र्यांच्या मागे मागे साइटवर फिरून मिळाली. ती फोनवर मिळाली नसती. काहींनी घरी बसून दोन-दोन नोकऱ्या केल्या. 2022 च्या सप्टेंबरमध्ये विप्रोने अशा 300 जणांना काढले. त्यातून अविश्वास वाढला. आणि ऑफिसे ओस पडली तेव्हा हिंजवडीतला चहावाला, डबेवाली मावशी, कंपनीच्या बसचा चालक यांच्या चुलीही विझल्या होत्या, हे विसरून चालणार नाही. दोन खोल्यांच्या घरात एकाची मीटिंग, दुसऱ्याची ऑनलाइन शाळा आणि मधून स्वयंपाक, हे ज्या सुनांनी सोसले, त्यांना विचारा. ऑफिस उघडल्याचा आनंद झालेल्याही बऱ्याच आहेत.

तरीही मूळ प्रश्न उरतोच. घरून काम कमी होते का? यावर मोजून केलेले प्रयोग आहेत. चीनमधल्या एका मोठ्या प्रवास कंपनीत स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोनदा असा अभ्यास केला. पहिला 2010-11 च्या सुमारास, फोनवर सेवा देणाऱ्यांचा. घरून काम करणाऱ्यांचे काम 13 टक्क्यांनी वाढले. पण त्याच अभ्यासात हेही दिसले की कामाच्या मानाने त्यांच्या बढत्या कमी झाल्या. डोळ्यांआडचा माणूस साहेबाला आठवत नाही, हे तिकडेही तसेच. दुसरा अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला, 1,612 कर्मचाऱ्यांचा. आठवड्यातले दोन दिवस घरून आणि तीन दिवस ऑफिसात. कामात फरक पडला नाही, बढत्यांत फरक पडला नाही, आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले. ही घट जास्त करून स्त्रियांत आणि लांबून येणाऱ्यांत दिसली. म्हणजे मधला मार्ग आहे, आणि तो तोट्याचा नाही.

इथे आमच्या खात्याची गोष्ट सांगतो. बांधकामात पैसे देण्याच्या दोन रीती आहेत. एक मस्टर रोल. मजूर आला, त्याची हजेरी लागली, रोजी मिळाली. दुसरी मेजरमेंट बुक. भिंत किती बांधली, माती किती खोदली, याचे फीत लावून माप घ्यायचे, वहीत नोंदवायचे आणि त्यावर ठेकेदाराचे बिल काढायचे. मस्टर सोपे, कारण डोकी मोजायला अक्कल लागत नाही. माप घेणे कष्टाचे. उन्हात उभे राहावे लागते आणि काम समजावे लागते. टाळेबंदीत कंपन्या नाइलाजाने मापावर आल्या होत्या. आता बऱ्याच जणी मस्टरवर परतल्या आहेत. जिथे माप घेता येते तिथेही मस्टरच लावले, तर त्याची किंमत कोणीतरी भरतो. ती कोण भरतो, ते बघा.

आपल्याच समाजातले एक घर. नाव सांगत नाही, कंपनीचेही नाही. वडिलांचे आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आईचे गुडघे गेलेले, मुलगा एकुलता. तीन वर्षे तो डायलिसिसच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन काम करत होता. कामाबद्दल एक तक्रार नाही, उलट चांगला शेरा. मग मेल आला : 30 दिवसांत पुण्याच्या ऑफिसात हजर व्हा. त्याने विनंती केली. उत्तर आले की नियम सर्वांना सारखा. तो गेला. आता शुक्रवारी रात्रीची बस, शनिवारी सकाळी घर, रविवारी रात्री पुन्हा बस. आठवड्याच्या मधल्या फेरीला वडिलांना शेजारचे काका स्कूटरवर नेतात. काकांचे स्वतःचे वय 68.

दुसऱ्या घरातल्या सुनेचे बाळ आठ महिन्यांचे. तिने नोकरीच सोडली. 2017 च्या प्रसूती लाभ सुधारणा कायद्याने, 26 आठवड्यांच्या रजेनंतर कामाचे स्वरूप तसे असेल तर घरून काम देता येईल, अशी तरतूद आणली. पण ती दोघांच्या संमतीने. कंपनीने नाही म्हटले तर विषय संपला.

आमचे सांगणे इथेच आहे. घरून काम ही सवलत होती आणि आपण ती हक्क समजून तिच्यावर घर उभे केले. नियमांतही तिच्यावर तारीख लिहिलेली होती. विशेष आर्थिक क्षेत्रातल्या कंपन्यांसाठी जुलै 2022 मध्ये जो नियम आला, त्यात निम्म्या लोकांना, एक वर्षापुरती परवानगी होती. डिसेंबर 2022 मध्ये ती सगळ्यांना लागू करता येईल असे ठरले, पण तीही 31 डिसेंबर 2023 पर्यंतच. तारखेची सवलत तारखेला संपते.

सरकारी नोकराचीही बदली होते. ती नकोशीच असते, आणि तिच्यात काय काय चालते ते इथे सांगायला नको. पण आदेश लेखी असतो. रुजू व्हायला मुदत मिळते, सामान नेण्याचा भत्ता मिळतो. पती-पत्नी एका ठिकाणी, गंभीर आजार, अशा कारणांवर अर्ज करायला जागा असते. अर्ज मंजूर होईलच असे नाही, पण तो ऐकायचा, एवढे तरी मान्य आहे. खासगी नोकरीतल्या आपल्या मुलांना एवढेच मिळावे, असे आम्हाला वाटते. सरसकट घरी बसू द्या, अशी मागणी नाही. ज्याच्या घरी आजारी माणूस आहे, तान्हे मूल आहे, त्याच्या अर्जाला माणसाने वाचून उत्तर द्यावे. नियम सर्वांना सारखा असला तरी सर्वांची घरे सारखी नसतात.

कंपन्या आपले ऐकतील तेव्हा ऐकतील. आपल्या हातात काय आहे?

मुलांना सांगा, नेमणूकपत्रात कामाचे ठिकाण काय लिहिले आहे ते वाचा. घरून काम कबूल केले असेल तर किती दिवस, किती काळ आणि बंद करताना किती मुदत, हे लेखी मागा. साहेबाच्या तोंडी होकारावर गृहकर्ज काढू नका, कारण साहेबही बदलतो.

आई-वडिलांना सांगतो, आणि यात आम्हीही उद्या येणारच : मुलगा परत गेला म्हणून त्याला टोचून बोलू नका. ‘तुला नोकरी प्यारी’ हे वाक्य त्याला पुण्याच्या खोलीवर झोपू देत नाही. आणि आम्हाला काही होत नाही, असे खोटेही सांगू नका. काय होते ते सांगा, म्हणजे सोय करता येते.

आणि समाजाला सांगतो. आपले सभागृह दहा दिवस गजबजते आणि मग कार्याला भाड्याने जाते. त्यातली एक खोली इंटरनेटसह तरुणांना बसायला मिळाली, तर आठवड्यातले दोन दिवस घरून काम असलेली मुले चार दिवस इंदुरात राहू शकतील. दुसरे, एक वही ठेवा. कोणाच्या घरी एकटे ज्येष्ठ आहेत, कोणाला कोणत्या वारी दवाखान्यात जायचे, कोणाकडे गाडी आणि मोकळा वेळ आहे. अंगावर न येणारी, पाळी लावलेली मदत. त्या 68 वर्षांच्या काकांची फेरी चार जणांत वाटली, तर महिन्यातून एकेकाच्या वाट्याला एकच येते. हा हिशेब करायला उपयंत्रीही लागत नाही.

वर्गणीची वही तर आपल्याकडे आहेच. तिच्या मागच्या कोऱ्या पानांवर ही यादी आजच सुरू करू. पहिले नाव आमचे लिहा, बुधवार सकाळ.

गणपती बाप्पा मोरया!