रेषा कुणाच्या बाजूची?
(युवक शिबिरात केलेलं भाषण)



आज मी माझीच गोष्ट सांगणार आहे. आई गेली आणि माझी झोप उडाली. धंदा वायरमनचा, आणि हात थरथरायला लागले. शेवटी एका समुपदेशकाकडे गेलो. आत साठलेलं सगळं ओकलो. त्यानं फी निम्मी केली. मला देवमाणूस वाटला. मग एक दिवस म्हणाला, 'रविवारी घरी ये, दोन पॉइंट बसवायचेत.' दोनाचे वीस झाले. मजुरी नाही. नाही म्हणायची छाती होईना, कारण माझं सगळं गुपित त्याच्या खिशात! आमच्या आज्यानं वाड्यावर केली ती वेठबिगारी, आणि हा म्हणे उपचार?

पुढं एका बाईंकडे गेलो. बरं वाटू लागलं. बहिणीच्या लग्नाची पत्रिका दिली. त्या म्हणाल्या, 'मी येणार नाही.' माझं टाळकं फिरलं. म्हटलं, 'आमच्या घरचं पाणी चालत नाही काय?'

बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, 'तुम्हाला असं वाटणं चूक नाही. पण उपचाराला येणाऱ्या कुणाच्याच घरी मी जात नाही. उद्या मी तुमची पाहुणी झाले, तर माझ्यावर रागवायची, मला सोडून जायची मोकळीक तुम्हाला राहील का?'

तेव्हा डोक्यात उजेड पडला. शिवाशिवीची रेषा वरच्याला जपते. ही रेषा समोर उघडा होऊन बसलेल्याला जपते. म्हणून रेषा दिसली की दोनच प्रश्न विचारा : ती सगळ्यांना सारखी आहे काय? आणि तिचा फायदा कुणाला?

हिप्पोक्रेटिसच्या नावाच्या जुन्या ग्रीक शपथेतच आहे, की रोग्याच्या घरातल्या बाई-पुरुषांशी वैद्यानं शरीरसंबंध ठेवू नये. मग ते स्वतंत्र असोत की गुलाम. गुलामसुद्धा! तरी न्यूयॉर्कमधल्या एका बाईला आपल्याच मनोविकारतज्ज्ञाला कोर्टात खेचावं लागलं. उपचाराच्या नावाखाली त्यानं तिच्याशी शरीरसंबंध ठेवला होता. १९७५ साली ती जिंकली.

आपल्याकडे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे. कलम २१ म्हणतं, उपचारात जातीवरून भेदभाव नको. कलम २३ म्हणतं, रोग्याचं गुपित राखा. कलम २८ तक्रारीचा हक्क देतं. पण कलम आपणहून चालत वस्तीत येत नाही.

म्हणून सांगतो, मन दुखलं तर जरूर जा. लाजू नका. पण फी सोडून दुसरं काही मागितलं, घरकाम, उसने पैसे, अंगाशी सलगी, तर उठा. बरं होणं हे कुणाचं उपकाराचं ओझं नाही. मी उठायला वर्ष लावलं. तुम्ही लावू नका!