प्रमाणपत्र कोण देणार?



अहमदपूरची बहुतेक मुलं दहावी-बारावीची परीक्षा देतात, ती राज्य मंडळाची.
तिचं काम पाहतं लातूर विभागीय मंडळ.
लातूर, नांदेड आणि धाराशिव, तिन्ही जिल्हे त्याच्याकडे.

शिकवते शाळा.
पण पेपर मंडळ काढतं,
आणि गुणपत्रिकाही मंडळच देतं.
म्हणून अहमदपूरची गुणपत्रिका मुंबईतही चालते.

आयटीआयचंही तसंच.
तिथं परीक्षा देशपातळीवरची.
पास झालात, की राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं.

पण गल्लीतल्या एखाद्या क्लासचा कागद?
तो नुसता क्लासचाच असू शकतो.
नोकरीच्या अर्जाला चालेलच, असं नाही.

तेव्हा फी भरण्याआधी एवढंच विचारा:
प्रमाणपत्र कोण देणार?
उत्तर लेखी घ्या.

पुन्हा सांगते,
आधी विचारा, मग फी भरा.