कुलूप काढा, मग यादी मागा

शाळेच्या वाचनालयासाठी पुस्तकांची यादी सांगा, असा संयोजकांचा आदेश आहे. सांगतो. पण त्याआधी मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या, पुस्तकांच्या कुलूपबंद कपाटाबद्दल बोलू. किल्ली सरांच्या खिशात, सर प्रशिक्षणाला. पुस्तक फाटलं तर भरपाई कोण देणार, ही खरी भीती. शिक्षण हक्क कायद्याने 2009 साली प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं आणि त्यात गोष्टीची पुस्तकंही हवीत, असं लिहून ठेवलं. कुलपाबद्दल मात्र तो कायदा गप्प आहे.

याउलट, आपल्याच छत्रपती संभाजीनगरात 2021 साली, कोरोनामुळे शाळा बंद असताना, बायजीपुऱ्यात एका शाळकरी मुलीने स्वतःजवळची पुस्तकं मांडून गल्लीतल्या पोरांसाठी वाचनालय सुरू केलं. पुढे अशी मोहल्ला वाचनालयं कितीतरी वस्त्यांत निघाली. तिथे उर्दूच्या शेजारी मराठी, हिंदी पुस्तकं असतात. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते अंतर. घरापासून चालत जाता येतं आणि पुस्तक हातात घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

आता यादी. आपण मोठी माणसं पुस्तक निवडतो तेव्हा आधी तात्पर्य शोधतो. म्हणून कपाटात थोरांची चरित्रं खच्चून भरलेली असतात. एखादं काढा आणि मागची तारखेची चिठ्ठी बघा: कोरी! भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मात्र शिवण उसवेपर्यंत फिरलेला सापडेल. फुरसुंगीचा हा किडकिडीत पोरगा सायकलवरून भलत्या भानगडीत शिरतो, आणि आपल्या पोरांना तेच हवं असतं. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे त्याच फळीवर ठेवा.

पहिली-दुसरीला माधुरी पुरंदरे. त्यांचं ‘चित्रवाचन’ उघडा. अजून अक्षरओळख न झालेलं मूलसुद्धा चित्रावर बोट ठेवून बोलू लागतं, त्याच्या घरच्या बोलीत. त्या वेळी शिक्षकांनी उच्चार सुधारायला जाऊ नये, एवढी कृपा करावी. थोड्या मोठ्यांसाठी त्यांनीच संपादित केलेले ‘वाचू आनंदे’चे भाग आहेत, साहित्यातले उतारे आणि नामवंत चित्रकारांची चित्रं एकत्र. महाग वाटतील, पण पाच स्वस्त पुस्तकांऐवजी तो एक संच घ्या.

सातवी-आठवीला ल. म. कडूंचं ‘खारीच्या वाटा’ आवर्जून द्या. 2017 चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्याला मिळाला, पण माझं कारण निराळं आहे. धरणात जाणाऱ्या गावातलं बालपण त्यात आहे. पैठणच्या बाजूला आजही अशी घरं आहेत, जिथली आजी नाथसागराकडे बोट दाखवून ‘आमचं गाव तिथं होतं’ म्हणते. त्या घरच्या मुलाला हे पुस्तक समजावून सांगावं लागणार नाही.

मराठवाड्याची माणसंही विसरू नका. बाबा भांड इथलेच, त्यांची ‘धर्मा’ ही कादंबरी घ्या. नांदेडच्या सुरेश सावंतांना 2025 चा अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, त्यांच्या कविता घ्या. आणि पैसेच नाहीत म्हणत असाल, तर बालभारतीचं ‘किशोर’ मासिक आहे. 1971 पासून निघतंय, जुने अंक संकेतस्थळावर फुकट मिळतात. छापून काढा, सुतळीने शिवा.

कुणी विचारेल, पुस्तक अवघड आहे की सोपं, हे ओळखायचं कसं? मुलालाच मधलं एक पान वाचू द्या. न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचं. मूठ मिटली तर पुस्तक पुढच्या वर्षी. मात्र मूठ मिटूनही पोरगं पुस्तक सोडत नसेल, तर नियम गुंडाळून ठेवा आणि पुस्तक देऊन टाका.

फाटलेल्या पुस्तकांचं रीतसर निर्लेखन करता येतं, त्याला घाबरू नका. न फाटलेल्या पुस्तकांची मात्र चौकशी व्हायला हवी. आणि पुढच्या खरेदीला पुस्तक प्रदर्शनात जाल, तेव्हा सहावी-सातवीतली चार मुलं सोबत न्या, निम्मी पुस्तकं त्यांना निवडू द्या. बिल तेवढं शाळेच्या नावाने घ्या, नाहीतर लेखापरीक्षक आपली गोष्ट सांगत बसेल.