हिमयुग, गोदावरी आणि पाण्याचा न्याय

(कोपरगाव येथील व्याख्यानाचा मजकूर)



हिमनद्या वितळण्याचा प्रश्न हिमालयाचा, फार तर ध्रुवप्रदेशाचा, असा समज गोदाकाठी सर्रास आढळतो. वरवर पाहता त्याला आधारही आहे. गोदावरी त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते. तिला हिमनदीचे पाणी मिळत नाही. जे येते ते पावसाचे. परंतु तो पाऊस किती व कसा पडावा, हे ठरविण्यात पृथ्वीवरील बर्फाचा वाटा फार मोठा राहिला आहे, आणि त्याची साक्ष या खोऱ्यातील मातीच देते.

बर्फाचा पांढरा पृष्ठभाग सूर्याची बरीचशी उष्णता परत फेकतो. बर्फ हटला की खालची काळी जमीन व समुद्र ती उष्णता शोषून घेतात. उष्णता वाढते आणि आणखी बर्फ वितळतो. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होते. उत्तर अमेरिका व उत्तर युरोपचे विस्तीर्ण प्रदेश बर्फाखाली गाडले गेले होते. समुद्राचे इतके पाणी त्या बर्फात अडकले होते की त्याची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटरने खाली होती. थंडावलेल्या समुद्रावरून येणारा मोसमी वारा दुबळा झाला आणि दख्खनचे पठार कोरडे पडले. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे श्री. सा. आ. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांच्या कवचांचे मणी सापडले. ते सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे आज कापूस आणि केळी पिकविणाऱ्या खानदेशात त्या काळी शहामृग हिंडत होते!

त्या कोरड्या काळात गोदावरी आणि प्रवरा यांच्या अंगी गाळ वाहून नेण्याचे बळ उरले नव्हते. तो गाळ खोऱ्यात साचत गेला. पुढे पृथ्वीच्या भ्रमणकक्षेतील संथ बदलांमुळे उत्तरेकडील उन्हाळे प्रखर झाले, बर्फ मागे हटला आणि सुमारे १० हजार वर्षांपूर्वी पाऊस पुन्हा जोमाने पडू लागला. पुराचे बळ लाभलेल्या नद्यांनी स्वतःच साचविलेला गाळ कापून काढला. आज प्रवरेच्या काठी दिसणाऱ्या उंच दरडी आणि घळी या घडामोडींतून उभ्या राहिल्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील डॉ. शरद राजगुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाळाचे हे थर वर्षानुवर्षे अभ्यासले. नदीकाठचा ऊस ज्या खोल जमिनीवर उभा आहे, तिच्या घडणीत हिमयुगाचाही हात आहे.

पाऊस बदलला की समाजही बदलतो. याच अहिल्यानगर जिल्ह्यात जोर्वे आणि दायमाबाद येथे ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या वसाहती होत्या. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास उत्तर दख्खनमधील अशी बहुतेक गावे ओस पडली. वाढत्या कोरडेपणामुळे ती शेती मोडली, असे डॉ. म. के. ढवळीकर यांचे मत होते. त्या माणसांना निदान दुसरीकडे जाण्यास मोकळी जमीन होती. आजच्या भूमिहीनाला ती नाही.

आजचा बदल मात्र निसर्गाच्या संथ गतीने चाललेला नाही. हिमयुगाच्या अखेरीस जगाचे तापमान चारपाच अंशांनी वाढले, त्याला हजारो वर्षे लागली. कोळसा व तेल जाळणाऱ्या उद्योगांनी दीडशे वर्षांतच ते एक अंशाहून अधिक वाढविले. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममध्ये हिमनदीच्या पाण्याने भरलेले ल्होनाक सरोवर फुटले आणि तिस्तेवरील धरण वाहून गेले. आपल्याकडे त्याच तापमानवाढीचे रूप निराळे आहे. तापलेला अरबी समुद्र हवेत अधिक बाष्प सोडतो, पण ते बाष्प शेतकऱ्याच्या सोयीने बरसत नाही. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांनी दाखविले आहे. मोसमी पावसाचे एकूण मान मात्र त्या काळात घटत होते. म्हणजे लांबलेली उघडीप आणि मग एका दिवसात वाहून जाणारे पाणी, असा हा दुहेरी मार आहे.

कोपरगाव पर्जन्यछायेत आहे. दारणा धरण आणि नांदूर-मधमेश्वरचा बंधारा यांवरील कालव्यांनी येथे बागायत आणली, साखर कारखाने आणले. पण खाली पैठणला जायकवाडी आहे, आणि त्यापलीकडे तहानलेला मराठवाडा. दर अवर्षणात वरचा आणि खालचा शेतकरी एकमेकांसमोर उभा केला जातो. या भांडणात ज्याच्या शेतात कालव्याचे पाणी कधी पोचलेच नाही, तो कालव्याच्या शेपटाकडचा कोरडवाहू शेतकरी आणि उसाच्या फडात राबणारा ऊसतोड मजूर यांचे नावही निघत नाही. हवा तापविण्यात ज्यांचा वाटा नगण्य, त्यांच्याच वाट्याला टँकरची रांग येते.

२००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने खोऱ्यातील तुटीचे समन्यायी वाटप मान्य केले. २०१६ मध्ये उच्च न्यायालयानेही ते तत्त्व उचलून धरले. परंतु धरणाधरणांमधले वाटप म्हणजे माणसामाणसांमधले वाटप नव्हे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभारली. तेथे पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात दिले गेले, भूमिहीनांचाही हक्क मानला गेला आणि उसाला मज्जाव करण्यात आला. गोदावरीच्या कालव्यांवर असा विचार का होऊ नये?

पाण्याचे मोजमाप उघड व्हावे, उसाचे क्षेत्र उपलब्ध पाण्याशी बांधले जावे, ठिबकचा खर्च लहान शेतकऱ्याच्या माथी मारला जाऊ नये आणि पिण्याच्या पाण्याबरोबर भूमिहीनांचा वाटाही आधी बाजूला काढला जावा, या मागण्या घेऊन लाभक्षेत्रातील शेतकरी आणि शेतमजूर यांनी एकत्र यावयास हवे. पावसाचा लहरीपणा कोणत्याही ठरावाने थांबणार नाही. त्याचा भार कोणी किती उचलावा, हे मात्र समाजाच्या हाती आहे, आणि ते ठरविण्याची जागा कालव्याचा काठ हीच आहे.