रिलीज टीमची सावली: कोड न लिहिता ओपन सोर्समध्ये

हेडफोन लावलेत ना? चला, सुरू करू.

तुमच्यातले बरेच जण विचारतात, "ओपन सोर्समध्ये यायचंय, पण एवढा मोठा कोड बघूनच घाम फुटतो. सुरुवात कुठून करू?" आज माझी सुरुवात सांगतो. ती कोडपासून झाली नाही. आणि त्यात मी एक मोठी चूक केली. तीही सांगणार आहे.

कुबरनेटीज तुम्ही ऐकलं असेल. शेकडो कंटेनर एकाच वेळी चालवायचे, पडले तर उचलायचे, हे काम ते करतं. गूगलने २०१४ मध्ये ते ओपन सोर्स केलं, जुलै २०१५ मध्ये १.० आलं. ऑफिसात मी ते रोज वापरायचो. पण त्याचं नवीन व्हर्जन बाहेर काढतं कोण, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. वाटायचं, असेल कुठल्यातरी मोठ्या कंपनीत बसलेलं कुणीतरी बटण दाबायला!

तसं नसतं. वर्षाला साधारण तीन रिलीज होतात आणि प्रत्येक रिलीजसाठी नवी टीम बनते, स्वयंसेवकांची. कामं वाटलेली असतात. एनहान्समेंट्सवाले यावेळी कोणते बदल येणार याचा हिशोब ठेवतात. रिलीज सिग्नलवाले टेस्ट लाल आहेत की हिरव्या ते बघतात. डॉक्सवाले नव्या फीचरची माहिती लिहिली गेली का ते तपासतात. कम्युनिकेशन्सवाले रिलीजचा ब्लॉग तयार करतात. प्रत्येक गटाला एक लीड आणि काही शॅडो. शॅडो म्हणजे सावलीसारखं सोबत राहून शिकणारा. गॅरेजमधलं पोरगं पाना हातात देता देता इंजिन शिकतं ना, अगदी तसं. पुढचे लीड बहुतेक याच शॅडोंमधून तयार होतात.

शॅडो व्हायला फॉर्म भरावा लागतो. जागा कमी आणि अर्ज खूप. पहिल्या वेळी मी सगळी सर्टिफिकेट्स लिहिली, भारी भारी शब्द टाकले. नाही झालं. दुसऱ्या वेळी सरळ लिहिलं: आठवड्याला सहा-सात तास देऊ शकतो, रात्रीच्या मीटिंगला येईन, गो भाषा जेमतेम येते, पण याद्या सांभाळायला आणि लोकांच्या मागे लागायला मला जमतं. यावेळी झालं. एनहान्समेंट्स शॅडो!

आता काम काय? कुबरनेटीजमध्ये मोठा बदल आणायचा तर आधी त्याचा प्रस्ताव लिहावा लागतो. त्याला 'केप' म्हणतात. बदल अल्फा, बीटा, स्टेबल अशा पायऱ्यांनी पुढे जातो. एप्रिल २०२४ च्या १.३० मध्ये असे ४५ बदल होते: १७ स्टेबल, १८ बीटा, १० अल्फा. हे सगळे शॅडोंमध्ये वाटले जातात. माझ्या सायकलला माझ्याकडे डझनभर आले होते. प्रत्येकाची यादी तपासायची: प्रस्ताव मर्ज झाला का, टेस्टचा प्लॅन आहे का, प्रॉडक्शनला चालेल का याचा रिव्ह्यू झाला का, फाइलमध्ये व्हर्जन बरोबर आहे का. काही राहिलं असेल तर गिटहबवर लेखकाला कळवायचं. मग येतो एनहान्समेंट्स फ्रीझ. त्या वेळेपर्यंत जे पूर्ण नाही, ते रिलीजमधून बाहेर.

आता माझी चूक. फ्रीझच्या आठवड्यात माझ्या ऑफिसचंही मायग्रेशन चालू होतं. रोज रात्री एक-दोन वाजायचे. एका फीचरच्या लेखकाने मला विचारलं होतं, "माझ्याकडून अजून काही बाकी आहे का?" बाकी होतं. एक छोटा बदल मर्ज व्हायचा राहिला होता. मी मेसेज वाचला, म्हटलं उद्या उत्तर देतो. तो 'उद्या' पाच दिवस आलाच नाही. मध्ये टीमच्या मीटिंगमध्ये लीडने विचारलं, सगळ्यांचं नीट चाललंय ना? मी म्हटलं, "हो हो, एकदम."

माझ्या वेळी फ्रीझ यूटीसीप्रमाणे पहाटे २ ला होता, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेसात. उठून बघतो तर ते फीचर बाहेर. लेखकाला अपवादाची विनंती करता आली असती. तो म्हणाला, घाई नको, पुढच्या रिलीजला बघू. म्हणजे चार महिने! मला एक वाकडा शब्दही बोलला नाही. त्याचंच जास्त लागलं.

लीडला मी सगळं खरं सांगितलं. वाटलं, आता काढणार मला. त्याने शांतपणे एवढंच विचारलं: आपण इतके शॅडो कशासाठी घेतो? एकाला जमलं नाही तर दुसऱ्याने उचलावं म्हणूनच ना? आजारपण, परीक्षा, ऑफिस, घरचं लग्न, सगळ्यांनाच असतं. ते वेळेत सांगणं हा कामाचाच भाग आहे.

मित्रांनो, आपल्याला लहानपणापासून "बघतो, करतो" म्हणायची सवय असते. 'नाही जमत' म्हणणं म्हणजे कमीपणा वाटतो. पण जिथे कुणाला पगार नाही, कुणी कुणाचा बॉस नाही, तिथे दुसऱ्याचं काम तुमच्या शब्दावर उभं असतं. तुम्ही खोटं "हो" म्हणालात की मदत करू शकणाऱ्यालाही ते कळत नाही.

उरलेली सायकल मी पूर्ण केली. रोज रात्री चॅनेलवर तीन ओळी टाकायचो: काय झालं, काय राहिलं, कुठे मदत हवी. पुढच्या रिलीजला मी पुन्हा शॅडो होतो. ते फीचर मी स्वतः मागून घेतलं. यावेळी ते वेळेत आत गेलं.

तुम्हाला यायचं असेल तर तीन गोष्टी. एक, आधीच्या टीमच्या हँडबुक वाचा, सगळ्या उघड्या आहेत. दोन, फॉर्ममध्ये खरा वेळ लिहा, जास्तीचा नको. परीक्षा असेल तर तेही लिहा. तीन, पहिल्यांदा नाही झालं तर पुन्हा भरा. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं. माझंही तसंच आहे.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. आणि हो, कुणाचा मेसेज वाचून 'उद्या उत्तर देतो' म्हणून ठेवला असेल ना, आत्ताच द्या!