बाटलीतला हिशेब
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



मंडपात येताना बाहेरच्या टपऱ्या आम्ही पाहिल्या. चहाला गर्दी होती, त्याहून जास्त थंड्याला होती. त्यात दोष कोणाचा नाही. ऊन आहे, घसा कोरडा पडतो. पूर्वी पाहुणा आला की गूळपाणी पुढे यायचे. आता पोराला दुकानात पिटाळतात, 'थंडा घेऊन ये.' तेव्हा या बाटलीने प्रकृती बिघडते की नाही, हा प्रश्न आता शहराचा राहिलेला नाही. तो आपल्या ओसरीवर आला आहे.

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक लोक चुकीच्या जागी शोधतात. २००३ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचे जाहीर केले. देशभर गदारोळ झाला. संयुक्त संसदीय समिती बसली आणि २००४ मध्ये तिने ते निष्कर्ष मान्य केले. त्याच वर्षी छत्तीसगडमधले काही शेतकरी भातावर कीड मारायला कोला फवारतात, अशा बातम्या आल्या. लोक म्हणाले, बघा, विषच आहे! पण जाणकारांनी वेगळेच सांगितले. कोलातल्या साखरेने मुंग्या येतात आणि त्या अळ्या खातात. म्हणजे काम झाले असेल तर ते विषाने नाही, साखरेने झाले.

भावांनो, मुद्दा नेमका इथेच आहे. बाटलीत लपलेले काय आहे, याची आपण चर्चा करत बसलो. जे उघड छापलेले आहे, ते वाचलेच नाही.

आता हिशेब करू. साध्या कोलात १०० मिलिलिटरला १० ते ११ ग्रॅम साखर असते. ३०० मिलिलिटरच्या बाटलीत तीस ग्रॅमच्या वर, म्हणजे सहा चमचे. ६०० च्या बाटलीत साठ ग्रॅमच्या वर, म्हणजे बारा चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की, मोठ्या माणसाने दिवसाकाठी वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, जमल्यास २५ च्या आत. एक मोठी बाटली, आणि दिवसाचा कोटा संपून वर उधारी!

कोणी म्हणेल, आम्ही जिलेबीही खातो. खरे आहे. पण जिलेबीने पोट भरते, चार भाकरीच्या जागी तीन खाल्ल्या जातात. प्यालेल्या साखरेने पोट भरत नाही. जेवण तेवढेच राहते आणि साखर वरकड होते. तीन लाखांवर लोकांच्या पाहण्या एकत्र करून २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज एक-दोन गोड पेये पिणाऱ्यांत, जवळजवळ न पिणाऱ्यांपेक्षा मधुमेहाचा धोका २६ टक्क्यांनी जास्त आढळला. कोलातले आम्ल दातांची झीज करते, ते वेगळेच. आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात दहा कोटींवर मधुमेही आहेत. हा आता पेढीवरच्या शेठजींचाच रोग आहे, असे कोणी समजू नये.

आता कडू बोलतो. ही साखर येते कुठून? आपल्याच फडातून. साखर खपली तर कारखाना चालतो, कारखाना चालला तर उसाचे बिल निघते. म्हणून काय आपण खोटे बोलायचे? रसवंतीतल्या पेलाभर रसातही पंचवीस ग्रॅमच्या आसपास साखर असते. दोन-दोन चमचे घातलेले पाच कप चहा म्हणजे ५० ग्रॅम. आपला माल आहे म्हणून तो अमृत होत नाही आणि परक्या कंपनीचा आहे म्हणून विष होत नाही. शरीर मालक बघत नाही, माप बघते.

मग बंदी घाला म्हणायचे का? मुळीच नाही. काय प्यावे हे सरकारने ठरवू नये. पण कर लावायचाच असेल तर तो शहाणपणाने लावावा. ब्रिटनने २०१८ साली साखरेच्या प्रमाणानुसार कर बसवला, तेव्हा कंपन्यांनी आपणहून साखर कमी केली. आपल्याकडे कर जबर आहे, पण साखर कमी असो वा जास्त, सर्वांना सारखाच. मग साखर कमी करण्यात कंपनीचा फायदा काय?

सरकारची वाट न पाहता घरी करण्यासारखे पुष्कळ आहे. सणासुदीला, लग्नात एखादी बाटली प्यालात तर काही बिघडत नाही. रोजची सवय बिघडवते. तहानेला पाणी, उन्हातून आल्यावर मीठ घातलेले ताक. दुकानात बाटली उलटी करून साखरेचा आकडा वाचा. घरात शाळेत जाणारी मुलगी असेल तर तिच्याकडून वाचून घ्या. आणि मायबहिणींनो, एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. लेकराला जुलाब लागले तर थंडा पाजू नका. जास्त साखरेने जुलाब वाढतात. आरोग्य केंद्रातली जलसंजीवनीची पुडी आणा.

उसाच्या काट्यावर माप मारले तर आपण भांडतो. पोराच्या पोटात जाणाऱ्या साखरेचे माप मात्र आपण कधी विचारत नाही. आज घरी गेल्यावर ते विचारा. एवढेच सांगून थांबतो.