सडक बांधली, सांभाळणार कोण?

(घाटाखालच्या एका गावी शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)



नवी सडक झाली की नारळ फुटतो, हारतुरे होतात, पुढाऱ्यांची भाषणे होतात. पण मोरीतला गाळ वेळेवर काढला म्हणून कोणाच्या गळ्यात हार पडल्याचे आम्ही अजून ऐकले नाही. बुलढाणा जिल्ह्यातील सडकांचे निम्मे दुखणे यातच आहे. म्हणून आज सडक बांधण्याविषयी न बोलता ती सांभाळण्याविषयी बोलावयाचे आम्ही ठरविले आहे.

प्रथम, सडक कोणाची हे समजून घ्या. सन १९४३ मध्ये नागपूर येथे देशातील मुख्य इंजिनियरांची परिषद भरली. तीत राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा व ग्राम अशी सडकांची वर्गवारी ठरली. थोड्या फरकाने तीच आजही चालते. मलकापूर, नांदुरा, खामगावावरून जाणारा महामार्ग दिल्ली सरकारचा. राज्यमार्ग व प्रमुख जिल्हामार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचे. इतर जिल्हामार्ग व ग्राममार्ग जिल्हा परिषदेकडे. शेतातल्या पांदणीस मात्र धनी सापडत नाही. गावकरी अर्ज घेऊन जातो, तर एक कचेरी दुसरीकडे बोट दाखविते आणि दुसरी तिसरीकडे. तोवर पावसाळा संपतो आणि कापूस घरात अडकून पडतो.

दुसरे, सडक मरते कशाने? एक पाण्याने आणि दुसरे ओझ्याने. पूर्णेच्या खोऱ्यातील आपली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. डांबराचा थर म्हणजे सडकेचे छप्पर होय. एक कवेलू सरकले तर शहाणा माणूस मृगापूर्वी घर शाकारून घेतो. भिंत खचेपर्यंत वाट पाहत नाही. सडकेचे तसेच आहे. नाली बुजली, साईडपट्टी उंच झाली की पाणी सडकेवर थांबते, भेगेतून खाली उतरते आणि वरून गाडी गेली की खड्डा पडतो. राजूर घाटासारख्या चढावर तेच पाणी कडा कापून नेते. ओझ्याचा हिशेब तर याहून कडक आहे. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात मोठी चाचणी झाली. आसावरचे ओझे दुप्पट केले तर सडकेची झीज दुप्पट न होता सुमारे सोळापट होते, असे तिच्यातून निघाले. मग रात्री जादा रेती भरून धावणारे टिप्पर गावच्या सडकेचे काय करीत असतील, हे आम्ही सांगावयास नको.

आता रेल्वेकडे पाहा. जलंब ते खामगाव हा फाटा १८७० साली उघडला आणि आजही वापरात आहे. तो टिकला याचे कारण, रेल्वेचा चावीवाला रूळ पाहत रोज आपल्या टप्प्याची चाल करतो आणि ढिली चावी तेथल्या तेथे ठोकतो. पूर्वी मोठ्या सडकेवरही मैलकुली असे. गावच्या सडकेला तसा माणूस नाही. उलट, जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून जागतिक विक्रम झाला. कामगारांचा तो पराक्रमच. पण नाल्या साफ ठेवण्याचा विक्रम कोण नोंदविणार?

म्हणून आमच्या मते जिल्ह्याचा कार्यक्रम चार कलमांचा असावा.

पहिले कलम वहीचे. प्रत्येक गावाने आपल्या सडका, पांदणी, मोऱ्या, पूल व एस.टी.चे थांबे यांची नोंद करावी. लांबी, मालक, बांधल्याचे साल व आजची स्थिती लिहावी. या वह्यांवरून तालुक्याचा आणि तालुक्यांवरून तेराही तालुक्यांचा तक्ता व्हावा.

दुसरे पंचांगाचे. मृगापूर्वी नाल्या व मोऱ्या मोकळ्या करणे, पावसात दर आठवड्यास पाहणी, आणि कापूस-सोयाबीनच्या गाड्या लागण्यापूर्वी खड्डे बुजविणे.

तिसरे पैशाचे. सर्वांत मोडकी सडक आधी घ्यावी असे वाटणे साहजिक आहे. पण सारा पैसा तिच्यावर घातला, तर आजच्या चांगल्या सडका पाच-सहा वर्षांत तिच्याच वाटेने जातात. म्हणून आधी चांगल्या सडकांची देखभाल, मग उरल्या पैशात मोडक्या सडकांची पाळी. ही पाळी मात्र चारचौघांत ठरून फळ्यावर लिहिलेली असावी. नाहीतर ज्या वस्तीला पुढारी नाही तिची पाळी कधीच येत नाही. आणि श्रमदानाच्या नावाने वेठ नको. वडार, बेलदार, गवंडी व भूमिहीन मजूर यांच्या हातास काम व कामास रोख दाम मिळावा. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने महाराष्ट्राने हे तत्त्व कधीच मान्य केले आहे.

चौथे जाब विचारण्याचे. पंतप्रधान ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. तिच्या सडकेची पहिली पाच वर्षे देखभाल ठेकेदारानेच करावयाची असते, आणि तसा फलक सडकेवर लावलेला असतो. तो फलक वाचा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने मोजमापवही पाहण्याचा, काम तपासण्याचा व मालाचा प्रमाणित नमुना घेण्याचा हक्क तुम्हांस आहे. ज्यांस वाचता येत नाही त्यांस आम्ही शिक्षकांनी फलक वाचून दाखवावा, अर्ज लिहून द्यावा. ते आमचे कामच आहे.

कोणी म्हणेल, गुरुजींनी शाळा सांभाळावी, सडकेशी त्यांचा काय संबंध? संबंध आहे. अहिल्याबाई होळकर योजनेने मुलींना एस.टी.चा पास फुकट मिळतो. पण खड्ड्यांमुळे गाडी फाट्यावरून परत फिरली, तर तो पास घेऊन मुलीने करावयाचे काय? काही दिवस बाप तिला सायकलीवरून पोचवितो, पेरणी आली की तेही थांबते. मग पटावरचे एक नाव कमी होते, आणि ते बहुधा मुलीचेच असते. जिजाऊंचे माहेर ज्या जिल्ह्यात, त्या जिल्ह्यात मुलींची शाळा एका बुजलेल्या मोरीपायी सुटावी, हे आपणांस शोभत नाही.

तेव्हा येत्या ग्रामसभेत भाषणे थोडी करा आणि वही उघडा. पहिल्या पानावर आपल्या गावच्या मोऱ्या मोजून लिहा, आणि मृगापूर्वी त्यांतला गाळ निघाला की नाही हे त्याच पानावर टिपा.